तांब्यातलं निळं पाणी

मारुतीच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांच्या हातात तांबे, बाप्यांच्या हातात बाटल्या, आणि पोरंटोरं कठड्यावर चढलेली. प्रत्येकानं आपल्या घरचं पिण्याचं पाणी आणलं होतं, कारण नीलांबर महाराजांची तशी आज्ञाच होती. महाराज उंच आसनावर बसले होते. सगळ्या बोटांत अंगठ्या आणि आवाजात मध.

"भक्तांनो, करणी डोळ्यांना दिसत नाही! पण पाणी खोटं बोलत नाही! ज्या घरावर करणी, त्या घरच्या पाण्यात रक्त!"

एकेकाचं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं जाई. त्यात महाराज तीर्थाचे थेंब टाकत. त्या तीर्थाचा दर्प असा, की पुढच्या रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांना धारा लागत. "रडू द्या, ती पीडा रडतेय," असं महाराज प्रेमानं सांगत. मग चिमूटभर काळा अंगारा पडे आणि पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होई. मंडपभर 'आ' उठे. महाराज बाटलीतलं 'गंगाजल' चमच्यानं घालत, मंत्र पुटपुटत, आणि लाल पाणी बघता बघता निळंशार होऊन जाई.

"विष प्यायला तो नीळकंठ! उतरली करणी! पुढचे या!"

गावातल्या प्रत्येक घरचं पाणी लाल झालं. फक्त छबूबाईच्या तांब्यातलं पाणी अंगारा पडताच थेट निळं झालं. लाल झालंच नाही.

महाराजांनी डोळे मिटून घेतले. ते मिटणंही त्यांनी चांगलं घोटून घेतलं असावं. मग त्यांनी बोट रोखलं. "साऱ्या गावाच्या घरात रक्त, आणि हिच्या घरात नाही! अहो, करणी करणाऱ्याच्या घरात करणी सापडेल कशी?"

व्हिडिओ तिथं संपला. आरती गव्हाणे मॅडमनी मोबाईल निकिताला परत दिला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

आरती मॅडम नेवासा रस्त्यावरच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स सांभाळत. सांभाळत म्हणजे सगळंच. बॅचेस लावायच्या, द्रावणं करून ठेवायची, फुटलेल्या ब्युरेटचा जाब द्यायचा आणि दर वर्षी नव्या पोरांना तेच सांगायचं, की पिपेट तोंडानं ओढू नका. इतकी वर्षं बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता आणि अलीकडे मनही बसलं होतं. छबूबाई त्याच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायच्या. निकिता ही छबूबाईंच्याच गावची, पहिल्या वर्षाची हुशार मुलगी.

"मॅडम, मुलं म्हणतायत, छबूमावशीनं धुतलेल्या फ्लास्कला हात लावणार नाही," निकिता खालच्या आवाजात म्हणाली. "आणि रविवारी अमावस्या आहे. मावशीनं मंडपात येऊन कबूल करायचं आणि गाव सोडायचं, असं ठरलंय. आमच्या आईचंही तेच म्हणणं आहे."

"आणि तुझं?"

निकितानं मान खाली घातली. "मी डोळ्यांनी पाहिलं ना, मॅडम."

"काय पाहिलंस? पाणी आधी लाल, मग निळं. बरोबर? आणि मागच्या आठवड्यात तू इथं, याच टेबलापाशी, काय करत होतीस?"

निकिता विचारात पडली. मागच्या आठवड्यात पाण्याचा जडपणा मोजायचा प्रयोग होता. उग्र वासाचं बफर, काळ्या पुडीचा दर्शक, लाल द्रावण, ब्युरेटमधून थेंब थेंब, आणि शेवटी निळा रंग. तिची रीडिंग्ज साऱ्या बॅचमध्ये उत्तम आली होती. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"पण मॅडम," ती म्हणाली, "ते प्रॅक्टिकल होतं ना."

आरती मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांना राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात थोडी ताकद लागते. गावात एक भामटा पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल करून दाखवत होता आणि पहिल्या वर्षाची मुलं त्याच्यापुढं हात जोडून बसली होती. मात्र मुलांनाच कसं बोलावं? प्रयोगासाठी पाण्याचा नमुना दर वर्षी त्या स्वतःच करून ठेवत. रीडिंग्ज नीट यावीत, घोळ होऊ नये म्हणून. बाटलीवर 'दिलेला नमुना' अशी चिठ्ठी. तो नमुना कुणाच्या आडाचा नव्हता की कुणाच्या बोअरचा. त्याचा आपल्या घरच्या तांब्याशी काही संबंध आहे, हे पोरांना कळणार कुठून?

त्यांनी छबूबाईंना आत बोलावलं. बाईंचे डोळे सुजले होते.

"छबूबाई, त्या दिवशी तांब्यात पाणी कुठलं नेलंत?"

"घरचंच की."

"खरं सांगा."

छबूबाईंनी दाराकडं पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. "त्या दिवशी नळाला पानी आलं न्हवतं. लोकं तर निघालेली. घरात तुमी दिलेला डबा हुता, पोराच्या इन्व्हर्टरसाठीचा. त्यातलं ओतलं तांब्यात. पानी ते पानी, म्हनलं. आन आता सांगू कसं? कालेजातनं डबा आनला म्हनल्यावर चोर म्हनतील."

रसायनशास्त्र विभागात ही जुनी रीत. ज्याच्या घरी इन्व्हर्टर असेल, त्यानं बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटरचा डबा न्यावा. प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत सगळेच नेत. आरती मॅडमनी कपाळाला हात लावला. खडकातला कणभरही क्षार नसलेलं पाणी त्या बिचारीनं महाराजांपुढं धरलं होतं. ते लाल होणार कुठून?

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'दिलेला नमुना' बाजूला ठेवला आणि बॅचला सांगितलं, "उद्या प्रत्येकानं घरचं पाणी आणायचं." मुलांनी आणलं. बफर घातलं, दर्शक घातला. साऱ्या प्रयोगशाळेत एकामागून एक फ्लास्क लाल होत गेले. ज्यांच्याकडं जारचं पाणी होतं त्यांचं थोडक्या द्रावणात निळं झालं, बोअरवाल्यांची ब्युरेट रिकामी व्हायला आली. निकितानं आपला फ्लास्क बराच वेळ हातात धरून ठेवला. मग तिनं तो छबूबाईंच्या मोरीवर स्वतः नेऊन ठेवला.

"मॅडम, रविवारी मी करून दाखवते," ती परत येऊन म्हणाली. "तुम्ही फक्त सोबत या."

रविवारी मंडप पुन्हा तांब्या-बाटल्यांनी भरला. छबूबाई एका खांबाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या आजूबाजूची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. महाराजांनी आरती मॅडमना पाहून हात जोडले.

"बाई, आपण शिकलेल्या. पण श्रद्धेच्या आड येऊ नये."

"श्रद्धेचं मी काही बोलत नाही, महाराज. तुमच्या कमंडलूतलं थोडं पाणी द्या. एवढंच मागणं आहे."

"ते सिद्ध जल आहे!"

सरपंच सहादेव आप्पा पुढंच बसले होते. महिनाभर आजारी असलेल्या नातवापायी महाराजांना गावात त्यांनीच आणलं होतं. ते भाबडेपणानं म्हणाले, "सिद्ध हाय तर निळंच हुईल की, महाराज. द्या की."

आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. निकितानं कमंडलूतलं पाणी पेल्यात घेतलं. तिनं महाराजांचंच तीर्थ घातलं, महाराजांचाच अंगारा टाकला. पाणी लालभडक झालं.

"आयला! म्हाराजांवर कुनी केली करनी?" मागून कुणीतरी ओरडलं आणि मंडपात हशा पिकला.

मग निकितानं डिस्टिल्ड वॉटरचा नवा, बंद डबा आणला. तो तिनं छबूबाईंच्या शेजारणीच्या, मुक्ताबाईंच्या हातून फोडून घेतला. त्यातलं पाणी थेट निळं झालं. "आता मुक्ताकाकू, तुमच्या तांब्यातलं थोडं यात ओता," निकिता म्हणाली. मुक्ताबाईंनी ओतलं. निळ्याचं लाल झालं. मुक्ताबाईंच्या हातून तांब्या निसटता निसटता राहिला.

"अगं बाई! म्या न्हाई केली करनी!"

"कुणीच केली नाही, काकू," निकिता म्हणाली. "आपल्या बोअरच्या पाण्यात खडकाचे क्षार असतात. त्यांनीच भांड्यांवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. हा अंगारा म्हणजे एक रंग आहे. क्षार असले की लाल, नसले की निळा. तीर्थ म्हणजे अमोनिया, म्हणून डोळे चुरचुरतात. आणि गंगाजल म्हणजे क्षारांना धरून ठेवणारं औषध. ते घातलं की रंगाला क्षार सापडत नाहीत, म्हणून तो निळा होतो. साखर कारखान्यात बॉयलरचं पाणी असंच तपासतात. आम्ही कॉलेजात हेच करतो. मी केलं होतं, तरी मला ओळखता आलं नाही."

"बॉयलर?" सहादेव आप्पांनी महाराजांकडं वळून पाहिलं. "म्हाराज, तुमी संन्यासाआधी कुठल्या कारखान्यावर हुता म्हनला?"

महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. ते आसनावरून उतरले ते थेट गाडीतच जाऊन बसले. चार तरुण पोरं गाडीसमोर उभी राहिली आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो कधी नव्हे तो उपयोगी पडला.

पण सहादेव आप्पा जागचे हलले नाहीत. "मॅडम, करनी न्हाई तर न्हाई. मग माझा नातू का बरा हुईना?"

आरती मॅडमना या प्रश्नाची भीती होती. रंगाचं कोडं सोडवणं सोपं होतं.

"मला माहीत नाही, आप्पा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "डॉक्टरांना दाखवा. एकाला कळलं नाही तर दुसऱ्याला दाखवा. कधी कधी कुणालाच लवकर कळत नाही, आणि ते सोसणं फार कठीण असतं. पण कळत नाही म्हणून तिथं एका बाईचं नाव घालू नका. त्यानं पोर बरं होत नाही. फक्त एका घराची चूल विझते."

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मंडपातला हशा विरून गेला होता.

छबूबाई खांबापासून पुढं आल्या. कॉलेजातून डबा आणल्याचं, नळाला पाणी नव्हतं त्याचं, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "आन ह्ये मला कुनीबी इच्यारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं तुमच्यात ऱ्हाते. एकानं तरी इच्यारायचं."

मुक्ताबाईंनी रडत जवळ जाऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. "छबू, माफ कर गं. म्याबी बोलले तुला."

छबूबाईंनी तो हात झटकला नाही, पण धरलाही नाही. "माफी ऱ्हाऊ दे, मुक्ता. उद्या कुनी आनिक दुसरीकडं बोट दाखवलं, तर भ्यायच्या आदी येवढंच इच्यार तिला. बाई, पानी कुठनं आनलंस?"