वरची बारा घरं

“रेघ तुम्हीच ओढलीत ना? मग आता पाणीपण तुम्हीच आणून द्या!”

शिवणकाम करणारी बाई भर रस्त्यात ओरडत होती. तिच्या हातातली रिकामी बादली चावीवाल्याच्या गुडघ्यावर आपटता आपटता राहिली. एकवीस वर्षं ती त्याला दादा म्हणत आली होती. आज एकदाही म्हणाली नव्हती. तिची आई अंथरुणाला खिळलेली. दिवसातून तीनदा तिचं अंग पुसायचं, चादरी धुवायच्या. आणि घरात दोन दिवस पाण्याचा टिपूस नाही.

“कसली रेघ?” चावीवाल्याने विचारलं.

“पाइप कापायला आले होते ते म्हणाले, तुमची बारा घरं नकाशाच्या बाहेर आहेत. नळ बेकायदा. नकाशा काढला कुणी, असं विचारलं तर मोबाइलवर एक नाव दाखवलं, म्हणाले हाच तुमचा चावीवाला.”

चावीवाल्याचं डोकंच फिरलं. तीस वर्षं हा माणूस पाणीखात्यात. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, पाणी सोडायचं, बंद करायचं. कुठल्या घरात किती वाजता पाणी चढतं, कुणाच्या नळाला जोर कमी, सगळं तोंडपाठ. त्याला खरं नाव आहे, हे फक्त हजेरीपटाला माहीत. आणि तेच नेमकं मोबाइलवर झळकावं!

तो तडक ऑफिसात गेला आणि सुपरवायझरच्या टेबलासमोर उभा राहिला.

“सात नंबरच्या व्हॉल्व्हचा नकाशा काढा.”

“अहो, बसा तरी. चहा घेता?”

“नकाशा काढा म्हणतो ना!”

गेल्या महिन्यात ते नवं अ‍ॅप आलं होतं. प्रत्येक व्हॉल्व्हचं पाणी कुठपर्यंत जातं, ते नकाशावर बोटाने टिंबं देत आखायचं. टिंबं जोडली की हिरवी आकृती तयार. चावीवाल्याचं बोट जाड, राठ. एक टिंब द्यायला गेला की तीन उमटायची, चौथं नदीपार जायचं. शेवटी सुपरवायझर म्हणाला, तुम्ही नुसतं सांगा, मी आखतो. याने सांगितलं: दवाखाना, शाळेची भिंत, आणि वरची बारा घरं. आकृती झाल्यावर सुपरवायझरने फोन पुढे केला. “बघा, बरोबर आहे ना?”

चष्मा घरी राहिला होता. आणि खरं सांगायचं तर चष्मा असता तरी त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. दोन कारकून मान वर करून बघत होते. तीस वर्षांच्या माणसाने यांच्यासमोर ‘कळत नाही’ म्हणायचं? “झकास,” असं म्हणून त्याने ‘मान्य’वर अंगठा टेकवला होता.

आज चष्मा होता. दवाखाना सापडला, शाळा सापडली. शाळेच्या पुढे आकृतीला पोक आल्यासारखा फुगवटा होता. त्यात गोदामाचं मोकळं पटांगण होतं. माणूस नाही, नळ नाही.

“हे काय घेतलंय?”

“तुम्हीच म्हणालात, वरची बारा घरं. वर घेतलं.”

“वर म्हणजे टाकीकडे! चढावर! ती घरं इकडे आहेत, खाली.” आपण काय बोललो ते ऐकून तो आणखीच भडकला. “म्हणजे तुमच्या फोनात खाली!”

“नकाशात वर म्हणजे उत्तर असते, काका.”

“पाणी काय उत्तर बघून येतं का हो? आणि घरं मोजायचीत तरी! बारा म्हणालो मी. या पटांगणात एक छप्पर दाखवा!”

सुपरवायझरने पटांगण बोटांनी मोठं करून पाहिलं. कारकुनांनी माना खाली घातल्या.

“चूक झाली, मान्य,” तो म्हणाला. “पण आता सिस्टिमने लॉक केलंय. दुरुस्तीचा अर्ज करा. वरून मंजुरी यायला तीस दिवस लागतात.”

“हे ‘वर’ कुठलं? उत्तरेचं?”

एक कारकून फिसकन हसला. चावीवाला हसला नाही. त्याच्या अंगाची लाही लाही होत होती. बोट टेकवायला एक क्षण, आणि उचलायला तीस दिवस! त्यातही सगळ्यात जास्त राग येत होता तो स्वतःच्या त्या ‘झकास’चा.

भर दुपारी त्याने बारा घरांच्या गल्लीत खणायला घेतलं. परवानगीशिवाय नळ जोडला तर नोकरी जाते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानेच अशी दोन माणसं जाताना पाहिली होती. कापलेल्या पाइपांच्या तोंडांवर बुचं मारली होती. एकेक बूच काढून तो पाइप जोडत गेला. सात जोडून झाले तेव्हा फोन वाजला.

“काका, जोड कोण करतंय तिथे?” सुपरवायझर होता.

“मी.”

“खुलासा लेखी द्यावा लागेल.”

“कागद तयार ठेवा. या खेपेला वाचून सही करतो.”

उरलेले पाच जोडून संध्याकाळी त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि गल्लीत परत आला. शिवणवाल्या बाईच्या दारातला नळ आधी नुसता फुसफुसला, मग गढूळ आणि मग स्वच्छ पाणी धो धो पडायला लागलं. बाईने बादली लावली.

“चूक माझीच होती,” तो म्हणाला. “कळलं नव्हतं, तरी हो म्हणालो.”

बाईने मान वर केली. “ओरडून तरी सांगायचं होतंत, कळत नाही म्हणून. दोन दिवस आई घाणीत पडून होती.”

तिने भरलेली बादली उचलली, नळ घट्ट बंद केला आणि दार ओढून घेतलं. आत पाणी ओतल्याचा, म्हातारीच्या कण्हण्याचा आवाज आला.

चावीवाल्याचे हात कोपरांपर्यंत चिखलाने भरले होते. नळ दोन पावलांवर होता. तो उघडायचा धीर त्याला झाला नाही. तसेच हात घेऊन तो ऑफिसकडे चालू लागला.