वेंधळ्याचे हात

सात वर्षांचा असताना पाहुण्यांसमोर त्याच्या हातून ट्रे निसटला, सहा ग्लास फुटले आणि आई म्हणाली, "वेंधळा मेला!" झालं. नाव पडलं ते पडलंच. पुढे ताईच्या हातून बरणी फुटली तरी खापर याच्याच डोक्यावर. माणसावर शिक्का मारायला कुणाचं काय जातं? याच्यावरचा पन्नास वर्षांत पुसला गेला नाही.

आता गंमत बघा. हाच माणूस काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग करतो. तिथली एक पद्धत आहे. खोका बांधून झाला की ज्याने बांधला त्यानेच तो छातीच्या उंचीवरून सगळ्यांदेखत खाली सोडायचा आणि कान लावून ऐकायचं. आत खळ्ळ वाजलं तर मान खाली. याच्या खोक्यातून सव्वीस वर्षांत आवाज आलेला नाही. अगदी पातळ पेले आले की मुकादम दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. "तुमच्या हाताला यश आहे," म्हणतो. हा कसनुसा हसतो. त्याला वाटतं, आपण अजून पकडले गेलो नाही, एवढंच.

त्याने लग्नही केलं नाही. कुणाचं आयुष्य आपल्या हाती कशाला द्यायचं, हे त्याचं कारण. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. एका खोलीत राहतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.

भाचीला मुलगी झाली. बाळंतपणाला ती ताईकडेच आली होती. हा तीनदा जाऊन लांबूनच बाळ बघून आला होता. घ्यायची इच्छा इतकी, की पॅकिंग करताना हात आपोआप झोळीसारखे व्हायचे. त्या रविवारी मात्र ठरवूनच निघाला, आज मागायचंच. नखं कापली, घड्याळ काढून ठेवलं, वाटेत दोनदा हात रुमालाला पुसले.

ताईकडे बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. शेजारची सहा वर्षांची पोर आली, तर मांडीवर उशी ठेवून तिलाही मिळालं. हा दाराजवळच्या खुर्चीत बसलेला. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि हा गिळून टाकायचा.

एवढ्यात भाचीच समोर येऊन उभी राहिली. "मामा, घे ना. तू अजून एकदाही घेतलं नाहीस हिला."

त्याने ताईकडे पाहिलं. आता ती म्हणणार, अगं, त्याच्याकडे नको. ताई लंगोटांच्या घड्या घालत राहिली. त्याने जावयाकडे पाहिलं. अडवायला कुणीच पुढे आलं नाही.

"नको गं," शेवटी तोच म्हणाला. "माझ्याकडे नको. मी वेंधळा आहे."

"बघा!" ताई कौतुकाने म्हणाली, "माझा भाऊ स्वतःला किती बरोबर ओळखून आहे!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला, आणि भाची बाळाला घेऊन आत गेली.