साताऱ्याला शून्य

जगातल्या मोठमोठ्या शहरांना नव्या शोधांबद्दल गुण द्यायचे, हा उद्योग सांगलीत विश्रामबागेतल्या एका जिमच्या वरच्या मजल्यावर चालतो, हे सांगून कुणाला पटायचं नाही. राजनंदिनी तिथेच नोकरीला होती. पेटंटच्या अर्जावर शोध लावणाऱ्याचा पत्ता बघायचा आणि ते पेटंट त्या शहराच्या नावावर टाकायचं, एवढंच तिचं काम. टोकियो, बोस्टन, सोल तिला आता शेजारच्या गावांसारखी वाटत.

यंदाच्या यादीत सातारा होता. एका जर्मन कंपनीने आपल्या कारखान्यांची गावं त्यात घालून घेतली होती, आणि ज्या गावाला पाचापेक्षा कमी पेटंटं निघतील तिथली संशोधनाची शेड बंद करणार, असं आधीच कळवून टाकलं होतं. साताऱ्याच्या त्या शेडमध्ये राजनंदिनीचे वडील दादासो काम करत. सतरा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केलेले हवालदार. शिक्षण दहावी, पण इंजिनिअर मंडळी त्यांना विचारल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नसत. त्यांच्या नावावर सात पेटंटं होती, त्यामुळे ती निर्धास्त होती.

साताऱ्याचा आकडा आला शून्य.

तिने सातही अर्ज उघडले. नाव दादासोंचं, पत्ता स्टुटगार्टचा. यादीत साताऱ्यातच मोजल्या जाणाऱ्या उंब्रजला तिने घरी फोन लावला.

"आण्णा, अर्जावर पत्ता कुणी लिवला?"

"मीच की. का गं?"

"तुमी ऱ्हाताय उंब्रजला. मग जर्मनी कुठनं आली?"

"आगं, हेडक्वार्टर तितं हाय न्हवं. फौजेत जवान कुठंबी असू दे, पत्ता युनिटचाच घालायचा. गावाचं नाव लिवलं की सायब झाडायचा." ते हसले. "सवयच हाय ती. काय चुकलं का?"

रविवारी येते, म्हणून तिने फोन ठेवला.

ऑफिसचे प्रमुख जयराज सर म्हणाले, "कागदावर असेल ते मोजायचं. तुझ्या वडिलांचं बदललं तर उद्या सगळ्यांचे वडील निघतील." त्यांचं चूक नव्हतं, आणि याचाच तिला जास्त राग आला. कंपनीला तिने पत्र लिहिलं. यादी स्वतंत्र असते, आम्ही ढवळाढवळ करत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. स्टुटगार्ट एका क्रमांकाने वर सरकलं.

रविवारी तिने उंब्रजला जाऊन सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर दादासोंनी एवढंच विचारलं.

"सात धरली असती, तर शेड ऱ्हायली असती?"

"व्हय, आण्णा."

"शेडमदी आमी धा जणं हाय," ते म्हणाले. "बाकीच्या नऊ जणांस्नी मीच सांगतो. माझ्याच हातानं झालंय." ती त्या दिवशी जेवली नाही. त्यांनी मात्र जेवून घेतलं, आणि ते तिला फार लागलं.

शेड महिनाभरात बंद झाली. नऊ जण घरी गेले. दादासो माजी सैनिक, म्हणून कंपनीने त्यांना गेटवर ठेवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात शेडमधली यंत्रं न्यायला ट्रक आला. दादासोंनी पास तपासला, वर चढून एकेक यंत्र यादीशी ताडून पाहिलं आणि खाली उतरले.

"हवालदार, आत आजून काय ऱ्हायलंय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"काय न्हाई," दादासो म्हणाले, आणि त्यांनी गेट उघडलं.