माझ्यावरची एकुलती एक शेळी

मी एक जुनी टेकडी आहे. हसू नका मित्रांनो, टेकड्या जुन्याच असतात हे मलाही ठाऊक आहे. पण मी दगडमातीची नाही, मी संगणकात राहते. माझ्यावर पाऊस पडत नाही, गवताची काडी उगवत नाही, आणि चरायला म्हणाल तर सगळी मिळून एक शेळी आहे. ती शेळी माझ्यावर कशी आली, हे सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म बेळगावातल्या एका वास्तुकला महाविद्यालयात झाला. इमारती कशा आखाव्यात ते तिथे शिकवतात. मला घडवलं माधवीने. ती बेळगुंदीच्या शेतकऱ्याघरची मुलगी. गावाहून बसने यायची आणि आल्या आल्या संगणकासमोर बसायची. आपल्या गावासाठी एक इमारत आखा, असं काम तिच्या वर्गाला मिळालं होतं. माधवीने अंगणवाडी निवडली. गावची अंगणवाडी देवळाच्या ओसरीत भरत होती आणि माधवीची आत्या मालुबाई तिथे मदतनीस होती.

हे नुसतं परीक्षेपुरतं काम नव्हतं. पंचायत खरोखरच अंगणवाडी बांधणार होती. जागा दोन होत्या. एक घरांना लागून असलेल्या टेकडीच्या उतारावर आणि दुसरी मोठ्या रस्त्यापलीकडे. माधवीचं चित्र बघून जागा ठरवू, असं पंचायतीने कबूल केलं होतं. गावातले कितीतरी आईबाप सकाळच्या बसने उद्यमबागेतल्या कारखान्यांत जातात. पोरं आपली आपण अंगणवाडीला येतात. रस्त्यापलीकडची जागा ठरली असती, तर ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टरांमधून त्यांनी रोज यायचं कसं? माधवीला उतारावरचीच जागा हवी होती.

त्यासाठी तिने एका जुन्या नकाशावरून मला घडवायला घेतलं. नकाशावर वेड्यावाकड्या रेषा होत्या. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरत जातं आणि काठावर एकाखाली एक वळ उमटतात ना, तशा. एका रेषेवर कुठेही उभे राहा, उंची तीच. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. माधवीने एकेक रेषा संगणकात गिरवली. तोवर मी पापडासारखी सपाट पडून होते. मग तिने प्रत्येक रेषेला तिची उंची दिली. रेषा एकेक करून वर उठल्या, त्यांच्यावर संगणकाने त्रिकोणांचं जाळं पसरलं आणि मी उभी राहिले.

आणि काय उभी राहिले म्हणून सांगू! उंच, उभट, रुबाबदार. वर्गातली मुलं मला बघायला गोळा झाली. माधवीचा मित्र चिन्मय टिळकवाडीचा, बोलण्यात मिश्किल. शेजारच्या बाकावरून उठून आला आणि म्हणाला, "सह्याद्रीच उचलून आणलास की गं." ते ऐकून मी अशी फुगले की विचारू नका. गर्वाचं घर खाली म्हणतात, पण तेव्हा माझं घर सगळ्यांच्या वर होतं.

आता माझ्यावर अंगणवाडी बसवायची होती. चढ एवढा उभा, की माधवीला पायऱ्यांवर पायऱ्या काढाव्या लागल्या. मध्ये मध्ये दम खायला कट्टेसुद्धा काढले. विद्युल्लता मॅडम तिला शिकवायच्या. त्यांनी मला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आणि समजुतीने सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलांना हा चढ झेपायचा नाही. पंचायतीला रस्त्यापलीकडचीच जागा सुचवावी. माधवीचा चेहरा पडला. मला मात्र त्याचं काही नव्हतं. माझी उंची शाबूत होती ना, मग झालं. शहाणपण तेव्हा माझ्या वाऱ्यालाही उभं राहत नव्हतं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सोमवारी माधवी चिन्मयला सांगत होती, ते माझ्यासमोर बसून सांगत होती म्हणून मला कळलं. रविवारी ती उदास होऊन मालुआत्याबरोबर टेकडीवर गेली होती, खऱ्या टेकडीवर. आत्याला वाईट बातमी कशी सांगावी ते सुचेना, म्हणून ती दुसरंच काहीबाही बोलत राहिली. आत्याही बोलत होती. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या लेकीचं ठरलं. बोलता बोलता दोघी माथ्यावर पोचल्या, तरी गप्पा संपल्या नव्हत्या.

आत्याने विचारलं, "दमलीस व्हय गं?"

"न्हाय की," माधवी म्हणाली आणि मागे वळून चढून आलेल्या वाटेकडे बघू लागली.

दमली नाही? मग चित्रातले दम खायचे कट्टे कशाला? ज्या टेकडीवर ती लहानपणापासून हुंदडली, तिच्याबद्दल तिने स्वतःच्या पायांना विचारलंच नव्हतं. संगणक सांगेल ते खरं मानलं होतं.

सोमवारी तिने तो जुना नकाशा पूर्ण उलगडला. संगणकात घेताना त्याची खालची कड दुमडलेली राहिली होती. उंची फुटांत आहे, असं तिथे छापलं होतं आणि माधवीने ती मीटर समजून भरली होती. एका मीटरमध्ये तीन फुटांहून जास्त बसतात, मित्रांनो. म्हणजे मी खऱ्या टेकडीच्या तिपटीहून उंच झाले होते. माधवीने आकडे सुधारले आणि मी सर्रकन खाली बसले. मला फार वाईट वाटलं. रडलेही असते, पण संगणकातल्या टेकडीला झरे नसतात.

पण खाली बसल्यावर काय झालं, पाहा. पायऱ्या गेल्या, कट्टे गेले. घरांपासून अंगणवाडीच्या दारापर्यंत एक सोपी, वळणावळणाची वाट निघाली. विद्युल्लता मॅडम मनापासून हसल्या. "मीही एकदा तिथे जाऊन यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

मग देवळाच्या ओसरीत ग्रामसभा भरली. माधवीच्या लॅपटॉपमधून मीही गेले. सगळे माना वाकड्या करून मला बघत होते, पण ओळखत कुणीच नव्हतं. पंचायतीचे आण्णाप्पा म्हणाले, चित्र झकास आहे, पण चढ केवढा ते कसं कळायचं? माधवी आकडे सांगू लागली. कुणाला काही बोध होईना.

तेव्हा पुढे बसलेली मालुबाई म्हणाली, "माधे, तिच्यावर येक शेळी हुबी कर गं. म्हंजे कळतंय किती उंच हाय ती."

सभा हसली. माधवी मात्र हसली नाही. तिने खऱ्या मापाची एक शेळी माझ्या उतारावर आणून उभी केली. आण्णाप्पांनी चष्मा सावरला, एकदा शेळीकडे आणि एकदा चढाकडे बघितलं.

"व्हय, ही आपलीच," ते म्हणाले.

त्या दिवशी उतारावरची जागा ठरली. मित्रांनो, तिप्पट उंच असताना माझं कौतुक झालं होतं, पण आपली कुणी म्हटलं नव्हतं. तो आनंद मला खाली बसल्यावरच मिळाला.

अंगणवाडी उभी राहिली. माधवी शिकून बाहेर पडली आणि मी महाविद्यालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकात धूळ खात पडले. नवी मुलं आली, नवे संगणक आले. जुना संगणक मोडीत निघाला. त्याच्याबरोबर मीही पुसली जाणार होते. तेवढ्यात तिथेच शिकवायला लागलेल्या चिन्मयला माझी आठवण झाली आणि त्याने मला नव्या संगणकात हलवलं. आता दर वर्षी पहिल्या दिवशी तो मला उघडतो. टेकडीवर शेळी कशाला, असं मुलं विचारतात आणि तो बेळगुंदीची गोष्ट सांगतो. मग बस पकडून सगळ्यांना खऱ्या टेकडीवर घेऊन जातो. वाटेत अंगणवाडीतली पोरं त्यांना पळत पळत मागे टाकतात.

तुम्हीही मला अधूनमधून उघडत जा, मित्रांनो, धूळ खात ठेवू नका. नकाशाची कड दुमडू नका. एवढं करा, पण माझ्यावरची शेळी तेवढी काढू नका. ती कधी फारच चिमुकली दिसू लागली, तर समजा की मी पुन्हा फुगले आहे, आणि मला कान धरून खाली बसवा.