टीव्हीतल्या बाई

टीव्हीत शिकवणारी मीच होते आणि बाहेर ओसरीवर बसलेलीही मीच.

कारखान्यालगतच्या आमच्या शाळेत चौथीला त्रेपन्न पोरं. ऊसतोड्यांची पोरं दिवाळीनंतर येतात, गाळप संपलं की जातात. त्यांच्यापाशी बसावं तर बाकीची वर्ग डोक्यावर घेतात. म्हणून लग्नांचं शूटिंग करणाऱ्या भुजंगकडून मी भागाकाराचे धडे कॅसेटवर उतरवून घेतले, बाळ झोपलेलं असताना, घाईघाईनं.

"बाई, प्रश्न इचारला की मनात दहा मोजा, मंग पुढं बोला," तो म्हणाला. "न्हाईतर पोरं उत्तर कव्हा देतील?"

मी मोजले. त्यानं लग्नाच्या सवयीनं धड्याच्या शेवटी पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्याच.

आत वर्गात टीव्हीतल्या त्या बाई शिकवायच्या, तेवढ्या वेळात मी सत्यशीलाला वाचायला शिकवायचे. तिची आई तुळजाबाई उसाच्या फडातनं तशीच आली होती. म्हणाली, "मागल्या साली भोकरदनला जायचं सोडून भलत्याच एस्टीत बसलो. यंदा गावी निघायच्या आत पोरीला एस्टीची पाटी तेवढी वाचता येऊ द्या."

गाळप संपायला आठ दिवस उरले, तरी सत्यशीलानं माझ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. "हा कोण? भ. म्हण भ," असं मी म्हणायचे, आणि ती अंगठ्यानं जमीन उकरायची.

त्या दिवशी आतून आवाज आला, "छत्तीस भागिले चार. सांगा बरं."

"नऊ," सत्यशीला पुटपुटली.

"अगं, मग मला का सांगत नाहीस?"

तिनं आत बोट दाखवलं. "त्या बाई थांबतेत."

"त्या मीच आहे की."

"न्हाई. त्या थांबतेत."

मला घरचं बाळ आठवलं. पहिला घास गिळायच्या आत मी त्याच्या ओठांना दुसरा लावते.

मी पाटीवर 'भोकरदन' लिहिलं आणि गप्प बसले. दहा झाले. पंधरा झाले. 'भो' माझ्या ओठांवर आला, तो मी पदरानं दाबला. तेविसाव्याला तिचं बोट अक्षरावर टेकलं.

"भो... क..."

आत धडा संपला होता, पाकळ्या पडत होत्या, पोरं टाळ्या पिटत होती. मी हलले नाही.

"र... भोकरदन."

पाटी पुसून तिनं माझ्याकडं सरकवली. "आता जालना लिहा. अन् मधी बोलू नका."