तात्याबाची दहावी पायरी

"फासा न टाकता पायरी कशी वाढली?" सिद्धूनानांनी विचारलं आणि माझ्या हातातली पेन्सिल तिथंच थांबली.

रविवारची दुपार होती. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत, माझ्या खोलीत, आम्ही तिघं चटईवर बसलो होतो. मी रणजित, कारखान्यातला कारकून. माझी बायको मनिषा. आणि पंपावरचे सिद्धूनाना. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरने वीस बाजूंचा फासा आणि हा खेळ मागे ठेवला होता. प्रत्येकाने कागदावर एक माणूस रचायचा. मी गोष्ट सांगायची, संकट आलं की त्यांनी फासा टाकायचा. निभावलं तर अनुभवाचे गुण मिळायचे, आणि शंभर गुण झाले की माणूस एक पायरी वर.

नानांच्या माणसाचं नाव तात्याबा. त्यांच्या वडिलांचंच. घरची मेंढरं केव्हाच विकली गेली होती, पण या तात्याबाकडे दोनशे होती.

खेळ शिकताना नानांनी एकच शंका काढली होती. "गाळप बंद झालं की हे गुण जात्यात का? फुडच्या हंगामाला परत शून्यापास्नं?"

"न्हाय नाना. ऱ्हात्यात."

"समदं?"

त्यांचा विश्वासच बसेना. कसा बसणार! चौदा हंगाम पंपावर काढूनही दर वर्षी ते नवे हंगामी कामगार म्हणून भरती व्हायचे. यंदा कायम करतो, असं साहेबांनी तोंड भरून सांगितलं होतं. कायम झालं की वसाहतीत खोली मिळते. "साखरबाईला हितं आनतो. चौदा वर्सं सहा-सहा म्हयने एकटी काढतीया," असं नाना येईल त्याला बायकोबद्दल सांगत होते.

शनिवारी कायम होणाऱ्यांची यादी मीच टाइप केली. सात नावं. त्यात नाना नव्हते. सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी भेकडाने तात्याबाच्या कागदावरचा नऊ खोडून दहा केला.

"सत्तर गुण कमी हायेत अजून," नाना म्हणाले.

"असू द्या हो नाना. बक्षीस समजा."

ते कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "यादीत नाव न्हाय माजं. व्हय ना?"

मी मान खाली घातली. मनिषा उठून चुलीकडे गेली.

"खोडरबर द्या."

त्यांनी दहा खोडला, पुन्हा नऊ लिहिला. कागद तिथं पार विरला होता. "तात्याबाला फुकटचं नगं, रणजितराव. त्याचं तरी खरं ऱ्हाऊ द्या. कुठवर आली व्हती मेंढरं?"

मी गोष्ट पुढे नेली. नानांनी नदी ओलांडली, दोनदा लांडगे हाकलले. चारचा भोंगा झाला तेव्हा नऊशे नव्वद गुण झाले होते.

"धाच ऱ्हायलं," ते उठत म्हणाले. "पाळी हाय माजी."

त्यानंतर ते खेळायला आले नाहीत. हंगाम संपल्यावर ट्रंक घेऊन एसटीत बसले, ते पुढच्या भरतीला आलेच नाहीत.

तात्याबाचा कागद माझ्याकडे आहे. मनिषा कधीतरी म्हणते, "द्या ना धा गुण. कुनाला कळतंय?"

मी पेन्सिल घेतो, आणि परत ठेवून देतो.