‘मुळाई’ बोटीवरचं पितळी पातेलं

मित्रांनो, मी पितळेचं पातेलं. जुनं, जाड बुडाचं, पंचवीस माणसांचं कालवण सहज मावेल एवढं. तुमच्या घरी माझ्यासारखं भांडं असलंच तर ते माळ्यावर उलटं पडलेलं असेल. माझी हकिकत ऐकायला गोड नाही. पण ती सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. ज्यांनी सांगायला हवी होती, त्या रत्नाबाई गप्प आहेत.

पुण्यातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. उरवड्याच्या भिवाजींनी लेकीच्या लग्नात द्यायला मला निवडलं आणि माझ्या काठावर नाव घालून घेतलं: ‘चि. रत्ना हिस वडिलांकडून’. अशा रीतीने मी रत्नाबाईंबरोबर मुळशी धरणाच्या काठी त्यांच्या सासरी आलं नाही, आणलं गेलं. त्यांच्या हाताला चव होती. गावात बारसं असो की जत्रेचं जेवण, आधी रत्नाबाईंना निरोप जायचा आणि त्यांच्या मागून मला न्यायला माणूस यायचा.

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते. कल्हई उडाली आणि त्यात चिंचेचं, आमसुलाचं काही शिजवलं, की अन्न कळकतं. खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात. रत्नाबाईंना हे लहानपणापासून ठाऊक होतं. कल्हईवाले दारावर यायचे बंद झाले, तेव्हा त्या मला पोत्यात घालून एसटीने पौडला नेऊ लागल्या. वर्षातून दोनदा, न चुकता. घरी आलं की माझ्या आत डोकावून म्हणायच्या, “आता तोंड दिसतंय बघ.”

त्यांना मूल झालं नाही. नवरा लवकर गेला. दिराचा मुलगा कैलास त्यांच्याच हातचं खाऊन मोठा झाला. घोटावड्याकडची जमीन विकून त्याने एक बोट घेतली. खाली चोवीस माणसांची बसायची सोय, मागे छोटंसं स्वयंपाकघर, वर ताडपत्रीचं छप्पर. नाव ठेवलं ‘मुळाई’. अकरा वाजता धक्क्यावरून निघायचं, धरणाच्या पाण्यातून फिरायचं, मध्येच थांबून जेवण वाढायचं आणि दोनला परत यायचं.

कैलास एके सकाळी येऊन रत्नाबाईंपुढे बसला.

“काकी, लोकं मोठाल्या क्रूझवर जात्यात ना, तशी ही आपली क्रूझ. ल्हान का हुईना. पन जेवन असं पायजे की मानूस धरन इसरंल, तुमचं कालवन न्हाई इसरायचा.”

“आरं, मी काय हाटेलातली हाय का?” रत्नाबाई म्हणाल्या. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी मी बोटीवर चढलं.

मित्रांनो, पाण्यावर रांधणं सोपं नसतं. शेगडीभोवती लोखंडी कठडा होता, तरी वारा सुटला की मी या बाजूचं त्या बाजूला कलायचं. म्हणून रत्नाबाई मला कधी काठोकाठ भरत नसत. सकाळी कुशाबा कोळी धक्क्यावर मरळ आणून टाकायचा. ती साफ करून, वाटण लावून, चिंचेच्या कोळात कालवण व्हायचं. सोबत तांदळाची भाकरी आणि इंद्रायणीचा भात. न खाणाऱ्यांसाठी पावट्याची आमटी. बोट थांबली की पाणी निवांत व्हायचं आणि माझ्यावरचं झाकण उघडलं की बोलणारी माणसंही निवांत व्हायची.

मेधाताई पहिल्यांदा आल्या त्या अशाच एका रविवारी. मूळच्या अकोल्याच्या, हिंजवडीत नोकरी, राहायला महाळुंग्याच्या नव्या इमारतीत. जेवण झाल्यावर त्या ताट घेऊन थेट मागे स्वयंपाकघरात आल्या. बरोबर आठ वर्षांची क्षितिजा.

“मावशी, ही पोरगी घरी मासा तोंडात घेत नाही. आज दोनदा मागून घेतला. काय घालता यात?”

“ताजा मासा घालते बाई,” रत्नाबाई हसून म्हणाल्या. “दुसरं काय घालनार?”

त्यानंतर मेधाताई चार-पाच वेळा आल्या. दर वेळी क्षितिजा आधी मागे धावत यायची आणि माझं झाकण उचलून बघायची.

असं दीड वर्ष चाललं. मग कैलासने मनीष नावाचा मॅनेजर ठेवला. हॉटेलच्या धंद्यातला, चटपटीत माणूस. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला सगळं एकसारखं हवं होतं, एवढंच. एखाद्या दिवशी मरळ मिळत नाही, एखाद्याच्या घशात काटा अडकतो, कधी तिखट जास्त, कधी जेवण वीस मिनिटं उशिरा. लोक मोबाइलवर तसं लिहितात. त्यावर त्याने उपाय काढला. कुठल्याशा कारखान्यातून मसाल्याच्या रश्श्याची तयार पाकिटं आणि बिनकाट्याच्या परदेशी माशाचे गोठवलेले तुकडे यायला लागले. धक्क्यावरच्या ऑफिसात मोठा फ्रीज बसला. भोवती मरळींनी भरलेलं धरण, आणि बोटीवर दूरदेशीचा बर्फातला मासा!

“मग मला कशाला ठेवलंय?” रत्नाबाईंनी विचारलं.

“काकू, तुम्ही नऊवारी नेसून वाढायला उभ्या राहा ना,” मनीष म्हणाला. “आणि ते पातेलं समोर हवंच. लोकांना गावरान फील येतो.”

तेव्हापासून माझ्या आत काही शिजलं नाही. स्टीलच्या टोपात गरम केलेला रस्सा माझ्यात ओतायचा, वर कोथिंबीर भुरभुरायची आणि मला टेबलावर मांडायचं. लोक माझा फोटो काढायचे. रत्नाबाई शेजारी पळी घेऊन उभ्या राहायच्या आणि कुणी “काकी, मस्त!” म्हणालं की खाली बघायच्या. मीही आपलं चकाकत राहायचं. लाज वाटली तरी भांड्याला चकाकावंच लागतं.

मग वैशाखातला तो शनिवार आला. आदल्या दिवशी वादळाने विजेचे खांब पडले होते आणि धक्क्यावरचा फ्रीज रात्रंदिवस बंद होता. सकाळी वीज आली, पाकिटं पुन्हा गार झाली. रत्नाबाईंनी एक हातात घेतलं. ते उशीसारखं फुगलं होतं.

“मनीषभाऊ, ही पाकिटं फुगल्यात. आंबूस वास येतुया. टाकून द्या.”

“काकू, तारीख बघा. अजून चार महिने आहेत.”

“तारीख काय बघू? नाक हाय ना मला!”

मनीषने कैलासकडे पाहिलं. धक्क्यावर चोवीस माणसं उन्हात उभी होती. कैलास म्हणाला, “काकी, चांगलं उकळून घ्या. उकळल्यावर काय ऱ्हातंय?”

मनीषने उकळून घेतलं. माझ्यात ओतलं. मित्रांनो, तो आंबूसपणा माझ्या अंगाला कळत होता. पण भांड्याला तोंड मोठं असतं, वाचा नसते. रत्नाबाईंनी त्या दिवशी वाढायला नकार दिला आणि त्या मागे जाऊन बसल्या. त्या दिवशी मेधाताईही आल्या होत्या, आणि क्षितिजा नेहमीसारखी धावत आली. पण मी समोर टेबलावर होतं, म्हणून ती तिथेच थांबली, मागे रत्नाबाईंकडे गेली नाही. मेधाताईंनी तिच्यासाठी दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळपर्यंत सोळा जण दवाखान्यात होते. बाकीचे दुसऱ्या दिवशी घरी गेले. क्षितिजाला मात्र सहा दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. मधले दोन दिवस डॉक्टरही खात्री देत नव्हते.

तपासणीला अन्न खात्याचे साहेब येणार होते, त्या सकाळी कैलास बोटीवर रत्नाबाईंच्या पायाशी बसला.

“काकी, तुमी म्हना, पातेल्याची कल्हई उडाली व्हती. म्हाताऱ्या मानसाच्या ध्यानात न्हाई ऱ्हायलं. तुमाला कोन काय करनार? पन पाकिटाचं कळलं तर लायसन जातंय. समदं घर रस्त्यावर येईल.”

“आरं, होळीलाच पौडला जाऊन कल्हई केली. बघ की आत.”

“मी न्हाई बघत. तुमी फकस्त म्हना.”

रत्नाबाई उठल्या. मग त्यांनी शेगडीजवळची राख आणि घासणी घेतली आणि स्वतःच्या हाताने माझ्या आतली चांगली कल्हई घासून खरवडायला सुरुवात केली. पांढरी चकाकी निघून खालचं पिवळं पितळ दिसेपर्यंत त्या घासत राहिल्या. इतकी वर्षं त्या हातांनी मला घासलं होतं. दुखलं ते त्याच दिवशी.

साहेबांनी माझ्यात बोट फिरवलं. काठावरचं नाव वाचलं. “भांडं तुमचंच?”

“व्हय. माझंच.”

दोन आठवड्यांनी मेधाताई एकट्याच आल्या. चेहरा उतरलेला. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मावशी, मी कुणाच्या हातचं तिला असं देत नाही. तुमचं होतं म्हणून दिलं. एक कल्हई बघता आली नाही तुम्हाला?”

रत्नाबाईंचे ओठ हलले. कैलास चार हातांच्या अंतरावर दोरखंड आवळत होता आणि मान वर करत नव्हता.

“चुकलं बाई माझं,” रत्नाबाई म्हणाल्या.

पुढे कैलासने त्यांना यायला नको म्हणून सांगितलं. ‘लोकं नाव घेत्यात’, हे कारण. मला नवी कल्हई झाली, तिचा कागद भिंतीवर लागला. महिन्याभरात बोट पुन्हा सुरू झाली. पाकिटं तीच राहिली.

पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा दोन दिवस वीज गेली. रत्नाबाईंना गावातही ते कळलंच. अकराच्या सुमाराला त्या धक्क्यावर आल्या, फळीवरून बोटीत चढल्या आणि सरळ माझ्यापाशी येऊन त्यांनी झाकण उचललं. वास घेतला.

“खाऊ नका ह्ये,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “नासलंय.”

माणसं थबकली. मनीष पुढे झाला. “सॉरी, हां. या आधी इथे स्वयंपाक करायच्या. मागे विषबाधा झाली ना, ती यांच्याच हातून. यांनी स्वतः कबूल केलंय.”

लोकांच्या चेहऱ्यावरची शंका क्षणात बदलली. कुणी दयेने बघू लागलं, कुणी हसलं. एका बाईने आपलं पोर मागे ओढलं. माझ्यापासून नव्हे, रत्नाबाईंपासून. तेव्हा त्यांना कळलं, की त्या दिवशी पुतण्यासाठी त्यांनी काय देऊन टाकलं होतं. त्यांनी एकदा कैलासकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

मग त्यांनी मला काठाला दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावून आतला सगळा रस्सा धरणात उपडा केला.

आरडाओरडा झाला. कुणी मोबाइलवर चित्रण केलं, कुणी जेवणाची भरपाई मागितली. “काकी, तुमी माझं वाटोळं केलं,” असं कैलास सगळ्यांसमोर म्हणाला. त्या दिवशी लोक बिस्किटं खाऊन घरी गेले. कुणी आजारी पडलं नाही. आणि जे घडलंच नाही, त्याचे आभार कोण मानणार? ‘वेड्या बाईने पिकनिक बिघडवली’ एवढंच त्यांनी लिहिलं.

मला घेऊन रत्नाबाई चालत घरी आल्या. आता मी त्यांच्या चुलीशेजारी असतं. एकट्या माणसाच्या पेजेसाठी माझ्यासारखं भांडं कोण चढवणार? गावच्या जेवणाला त्यांना बोलावतात, पण पंगतीत बसवतात, चुलीकडे जायला लागल्या की सुना म्हणतात, “बसा हो तुमी.”

मित्रांनो, तुम्ही कधी बोटीवर, हॉटेलात, कुठेही जेवायला बसाल. समोरचं भांडं कितीही चकाको, एकदा मागे जाऊन बघा, त्यात खरंच कुणी रांधलंय का. आणि रांधणारी बाई ‘खाऊ नका’ म्हणाली, तर तिची चौकशी नंतर करा. आधी हातातला घास खाली ठेवा.